कोयना खोऱ्याची जुनी टोपोशीट: वाचायची कशी, आजच्या नकाशावर बसवायची कशी

कोयनेच्या खोऱ्याचा धरणाआधीचा नकाशा हाती लागला की नवखा माणूस आधी त्यावरच्या तुटक लाल रेषा शोधतो. ही घाटवाट, ही दुसरी, ही तर आज कुणालाच माहीत नाही! मग त्या रेषा मोबाइलवर चढवून पुढच्या शनिवारी निघायची तयारी. एवढी घाई करू नका. कागदावरची वाट म्हणजे त्या सालात तिथून माणसं जात होती, इतकंच. ती वाट नक्की कुठे होती, आज शिल्लक आहे का, आणि रेषा काढणाऱ्याने ती चालून काढली की समोरच्या डोंगरावरून पाहून, हे कळायला नकाशा आधी वाचावा लागतो, मग आजच्या जमिनीवर बसवावा लागतो. चालायची पाळी शेवटी येते.

उदाहरण म्हणून कोयना घेण्याला कारण आहे. महाबळेश्वरला उगम पावून ही नदी सह्याद्रीच्या माथ्याला समांतर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. साठच्या दशकात धरण झालं आणि खोऱ्याचा तळ शिवसागर जलाशयाखाली गेला. १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. गावं उठली आणि रान वाढलं. आज जे निबिड जंगल दिसतं तिथे जुन्या शीटवर शेतं, वाड्या आणि देवळं आहेत.

शीटचा नंबर काढा

सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी क्रमांकपद्धत एकदा कळली की विसरत नाही. भारत आणि शेजारचा मुलूख ४ अंश बाय ४ अंशांच्या चौकोनांत वाटलाय आणि प्रत्येक चौकोनाला आकडा आहे. १६ ते २० अंश उत्तर, ७२ ते ७६ अंश पूर्व हा चौकोन म्हणजे ४७. सह्याद्रीचा बराच मोठा भाग यात येतो. या चौकोनाचे एकेका अंशाचे १६ तुकडे, त्यांना ए ते पी ही अक्षरं. अक्षरं वायव्य कोपऱ्यातून सुरू होऊन वरून खाली उतरतात, स्तंभ संपला की शेजारच्या स्तंभाच्या माथ्यावर जातात. त्या प्रत्येक तुकड्याचे पुन्हा १६ भाग, १५ मिनिटांचे, त्यांचे नंबरही तसेच वरून खाली.

आता वासोटा किल्ला. अक्षांश साधारण १७ अंश ४० मिनिटं, रेखांश ७३ अंश ४२ मिनिटं. १७ ते १८ आणि ७३ ते ७४ म्हणजे जी. त्यात ७३ अंश ३० ते ४५ मिनिटं हा तिसरा स्तंभ, १७ अंश ३० ते ४५ मिनिटं ही वरून दुसरी ओळ. म्हणून ४७जी/१०. महाबळेश्वर त्याच्या वरच्या ९ नंबरवर येतं. कोयनेची गंमत अशी की महाबळेश्वरचा डोंगर उतरल्यावर तिचं खोरं ७३ अंश ४५ मिनिटांच्या रेषेच्या आजूबाजूलाच फिरत राहतं. बामणोलीही त्या रेषेजवळच. त्यामुळे ९, १०, ११ घेतल्या की शेजारच्या १३, १४, १५ पण घ्याव्या लागतात. एकच शीट घेऊन बसलात तर वाट नेमकी कागदाच्या काठावर संपते.

शीट मिळवा

आजची १:५०,००० मापाची ओपन सिरीज शीट सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन नकाशा पोर्टलवर खातं उघडून मिळते. तिचा नंबर वेगळ्या पद्धतीचा असतो आणि आपल्या भागासाठी ई४३ ने सुरू होतो. ती घ्याच, तुलनेला लागते. पण त्यावर शिवसागर आहे. धरणाआधीचं खोरं बघायचं तर एक इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६० मापाची ‘इंची’ शीट हवी. विद्यापीठांच्या आणि जुन्या कॉलेजांच्या भूगोल विभागांत अशी शीट कपाटात पडलेली असतात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतही मोठा संग्रह आहे. घरबसल्या काही हवं असेल तर अमेरिकन आर्मी मॅप सर्व्हिसची यू५०२ मालिका टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टान्येडा ग्रंथालयाने स्कॅन करून खुली ठेवली आहे. ती १९५० च्या दशकातली, १:२,५०,००० मापाची. इंचात जवळजवळ चार मैल कोंबलेले असल्यामुळे वाटांच्या कामाला फार उपयोगाची नाही, पण खोऱ्याचा एकूण आवाका समजायला उत्तम.

एखाद्या शीटवर ‘रिस्ट्रिक्टेड’ असा छाप असेल तर ती स्कॅन करून ग्रुपवर फिरवू नका. नकाशा जुना आहे म्हणून तो छाप आपोआप पुसला जात नाही.

स्कॅन स्वतः करत असाल तर सपाट स्कॅनरवर ३०० डीपीआय पुरे. या मापाच्या शीटवर एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे साधारण साडेपाच मीटर. मोबाइलने काढलेला फोटो चालत नाही, कडा वाकतात. घडी पडलेली शीट असेल तर घडीची रेघ कुठे आहे ते टिपून ठेवा, पुढे त्रास तिथेच होतो.

समास आधी वाचा

समास कुणी वाचत नाही, आणि निम्मी उत्तरं तिथेच असतात. सर्वेक्षणाचं साल आणि छपाईचं साल वेगवेगळं असतं. छपाई पुढच्या काळातली आणि सर्वेक्षण वीस-तीस वर्षं आधीचं, असं सर्रास आढळतं. ‘त्या साली इथे गाव होतं’ असं लिहिताना सर्वेक्षणाचं साल धरायचं. काही शीटच्या तळाशी लहानशी आकृती असते, कोणता तुकडा कधी मोजला ते दाखवणारी. ती असेल तर सोनंच.

कंटूर म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. दोन कंटूरमधलं उंचीचं अंतर पाहा. जुन्या शीटवर ते फुटांत असतं, बहुधा ५० किंवा १००. आजच्या शीटवर ते २० मीटर असतं. चुंबकीय उत्तरेची नोंद असते, ती त्या सालापुरतीच, आज वापरू नका.

आणि एक टीप मात्र डोळ्यात तेल घालून शोधा. एकोणिसाव्या शतकातल्या शीटवर लिहिलेलं सापडतं की रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या मूल्यावर बेतलेले आहेत आणि त्यातून २ मिनिटं २७ सेकंद वजा करावेत. आकडा किरकोळ वाटतो. आपल्या अक्षांशावर तो चार किलोमीटरहून जास्त होतो! ही टीप सुटली तर अख्खा वासोटा शेजारच्या खोऱ्यात जाऊन बसेल. ४७जी/१० अशा पद्धतीच्या नंबराच्या शीटवर हा घोळ नसतो, त्याआधीच्या शीटवर असतो.

रंग आणि खुणा

तपकिरी म्हणजे उंचीच्या रेषा, हिरवा जंगल, पिवळा शेती, लाल वस्ती आणि रस्ते. हे शाळेत झालेलं असतं. शाळेत न सांगितलेली गोष्ट काळ्या ओढ्यांची. सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीटवर बारमाही पाणी निळं आणि हंगामी कोरडे पडणारे ओढे काळे दाखवतात. सह्याद्रीत हे फार मोलाचं आहे. पाऊस कितीही पडो, इथला कातळ पाणी धरत नाही, त्यामुळे शीटवर काळ्या रेघांचं जाळं दिसतं आणि निळा ठिपका क्वचित. तो ठिपका विहिरीचा किंवा टाक्याचा असेल आणि त्याच्या अंगाने वाट जात असेल, तर ती नुसती शॉर्टकटची वाट नव्हे. गुरं-माणसं तिथे थांबायची. घाटवाट खरी की कागदी हे ताडताना मी रेषेच्या जाडीपेक्षा पाणवठ्यावर जास्त भरवसा ठेवतो.

बैलांची वाट आणि पायवाट यांच्या खुणा वेगळ्या असतात. नेमकी कोणती रेघ कशाची, ते त्या शीटच्या खुणांच्या तक्त्यात पाहा, कारण आवृत्तीप्रमाणे फरक पडतो. हा भेद महत्त्वाचा: लादलेला बैल जाईल अशी वाट म्हणजे वळणं घेत जाणारी, बेताच्या चढाची. पायवाट नाळेतूनही, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतूनही जाते. उंचीच्या आकड्यापुढे बारीक ‘आर’ असेल तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नाही, आजूबाजूच्या जमिनीपासूनची आहे. बांधाजवळचा ५आर म्हणजे पाच फूट किंवा मीटर उंचीचा बांध.

चढ कागदावरच मोजता येतो. इंची शीटवर एक मिलिमीटर म्हणजे ६३ मीटर. ५० फुटांच्या चार रेषा एका मिलिमीटरमध्ये बसल्या तर चढ जवळपास ४५ अंशांचा. दोन बसल्या तर २५ अंशांच्या आसपास, म्हणजे सोंडेवरची दमवणारी पण चालती वाट. रेषा एकमेकींत मिसळल्या की कडा. तिथून पायवाटेची रेघ गेलेली दिसली तर नाळ आहे, कातळात पावठ्या आहेत किंवा शिडी असणार, हे गृहीत धरायचं. चकदेवला कोकणातून चढताना आजही शिड्या आहेतच.

नकाशा बनला कसा

इंची नकाशांचं काम प्लेन टेबलवर होत असे. त्रिकोणमिती सर्वेक्षणाने, ज्याची सुरुवात लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासला केली, ठराविक शिखरांची जागा अचूक ठरवून दिलेली असे. सर्व्हेअर तीन पायांच्या फळीवर कागद ताणून उंचवट्यावर उभा राहायचा, ठाऊक असलेली शिखरं पाहून स्वतःची जागा पक्की करायचा, आणि दिसेल त्या सोंडेकडे, देवळाकडे, झाडाकडे रेघ मारायचा. दुसऱ्या ठिकाणाहून तीच गोष्ट पाहिली की दोन रेघा जिथे छेदतील ती तिची जागा. उंची क्लिनोमीटरने. मधल्या कंटूर रेषा डोळ्यांनी पाहून, हाताने. सोबत खलासी असायचे, झाडं तोडून नजर मोकळी करणारे आणि सामान वाहणारे. त्यांची नावं शीटवर नसतात.

यातून थेट निष्कर्ष निघतो. जे उंचावरून दिसतं ते बरोबर असतं: शिखरं, धारा, माथ्यावरची पठारं. दोन सोंडांच्या बेचक्यातला ओढा, जावळीच्या दाट रानातली वाट, कड्याच्या पोटातली पट्टी, हे अंदाजाने भरलेलं असू शकतं. कोकणच्या बाजूचा कडा माथ्यावरून धड दिसत नाही आणि खालूनही नाही, त्यामुळे तिथल्या रेषांवर कमी विश्वास ठेवा. त्याही आधीच्या नकाशांत कंटूर नसतात, उतारावर बारीक रेघोट्या मारलेल्या असतात. उतार कुठे तीव्र हे त्यांवरून कळतं. उंची किती ते कळत नाही.

आजच्या नकाशावर बसवा

क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात जिओरेफरन्सर उघडून स्कॅन आणा. १५ मिनिटांच्या शीटवर दर ५ मिनिटांना अक्षांश-रेखांशाच्या रेषा असतात, म्हणजे आडव्या चार आणि उभ्या चार, १६ छेद. सोळाही द्या. चार कोपरे देऊन भागतं असं अनेक जण सांगतात. पण कागद दमटपणाने एका दिशेला जास्त फुगतो, घडीवर खेचला जातो, आणि मधले छेद दिल्याशिवाय ते दिसत नाही. शीटवर यार्डांची ग्रिड छापलेली असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. नवख्याने अक्षांश-रेखांशच धरावेत.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. जुन्या शीटचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती मॉडेलवर, मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरच्या आधारबिंदूवरून मोजलेले आहेत. मोबाइलचा जीपीएस डब्ल्यूजीएस८४ या आजच्या मॉडेलवर चालतो. दोन्हीकडे १७ अंश ४० मिनिटं लिहिलेलं असलं तरी जमिनीवर ती एकच जागा नाही. कोयनेच्या भागात हा फरक सव्वाशे मीटरच्या आसपास आहे. सरळ डब्ल्यूजीएस८४ निवडून नकाशा बसवला तर सगळं चित्र आग्नेयेला सरकतं. पठारावर हे खपून जाईल. बाबुकड्याच्या काठावर सव्वाशे मीटर म्हणजे काय, ते सांगायला नको.

म्हणून लक्ष्य प्रणाली म्हणून ‘कल्याणपूर १९७५’ निवडा, ईपीएसजी ४१४६. नंतर ते चित्र आजच्या उपग्रह चित्रावर उघडलं की सॉफ्टवेअर रूपांतर कोणतं वापरायचं ते विचारतं. ‘बॉलपार्क’ म्हणजे ढोबळ असं लिहिलेला पर्याय घेऊ नका, कारण त्यात हा सरक भरून निघत नाही. रूपांतराचा प्रकार आधी पॉलिनोमियल १ ठेवा, तो सगळा कागद एकसारखा ताणतो. सोळा छेदांची चूक दोन-तीन पिक्सेलच्या आत आली तर झालं. एखादाच बिंदू फार चुकत असेल तर तो तुमचा टायपिंगचा घोटाळा असतो. घडीच्या रेघेवरचे सगळे चुकत असतील तर दोष कागदाचा, मग थिन प्लेट स्प्लाइन वापरा, तो कागद जागोजागी वेगवेगळा ताणतो. आधीपासूनच स्प्लाइन वापरू नका. त्यात प्रत्येक बिंदूची चूक शून्य दिसते, आणि चुकीचा आकडा दिलेला बिंदूही गुपचूप पचून जातो.

बसला की नाही, ते रस्त्यांवरून तपासू नका, रस्ते हलतात. डोंगर हलत नाहीत. नासाच्या एसआरटीएम मोहिमेचं ३० मीटरचं उंचीचं मॉडेल मोफत मिळतं. त्यापासून हिलशेड, म्हणजे डोंगरांच्या सावल्या दाखवणारं चित्र, तयार करा आणि त्यावर जुनी शीट अर्धपारदर्शक ठेवा. धारा धारांवर बसल्या पाहिजेत, शिखराचा त्रिकोण शिखरावर. तीस-पन्नास मीटरची तफावत राहणार, त्यासाठी जीव काढू नका. छापील रेघच अर्धा मिलिमीटर जाड असते, म्हणजे जमिनीवर तीसेक मीटर.

बुडालेलं खोरं काढा

हा सराव मी प्रत्येक नवख्याला सांगतो, कारण यात कंटूर वाचणं आणि नकाशा बसवणं दोन्हीची परीक्षा होते.

शिवसागराची पूर्ण संचय पातळी सुमारे २१६३ फूट आहे, ६५९.४ मीटर. पावसाळ्यात साताऱ्याच्या बातम्यांत हा आकडा येतच असतो. जुनी शीट फुटांत, त्यामुळे २१५० ची कंटूर रेषा म्हणजे जवळजवळ भरलेल्या तलावाचा काठ. ५० फुटांच्या अंतराच्या शीटवर दर पाचवी रेषा जाड असते. २००० ची जाड रेषा शोधा, वर तीन बारीक रेषा मोजा, तिसरी ती २१५०. आता तिच्यावरून माउस फिरवत बहुभुज काढा. खोऱ्याच्या दोन्ही अंगांना, प्रत्येक ओढ्याच्या बेचक्यात आत जाऊन परत बाहेर. सोळशी आणि कांदाटीची खोरी आली की हात दुखू लागतो. काढून झालं की आजच्या उपग्रह चित्रावरचा तलावाचा काठ त्याच्याशी जुळवा. जुळला तर तुमची शीट नीट बसली आणि रेषाही नीट मोजल्या गेल्या. एकाच बाजूला सलग फरक येत असेल तर आधारबिंदूची निवड पुन्हा तपासा. ठिकठिकाणी येत असेल तर एखाद्या वळणावर तुम्ही शेजारच्या रेषेवर घसरला आहात.

त्या बहुभुजाच्या आत जे जे लाल आहे ते पाण्याखाली गेलं. गावठाणं, नदीकाठची वाट, नदी ओलांडायच्या जागा, देवळं एकेक करून वेगळ्या थरात (लेयरमध्ये) उतरवा. इथे दुसरी कुठली सामग्री तुमच्या मदतीला येत नाही. एसआरटीएमचं मोजमाप फेब्रुवारी २००० चं, त्याला तिथे सपाट पाणी दिसलं. तळाचा आकार या कागदावर आहे.

नावं आणि नोंदी

शीटवरची नावं रोमन लिपीत. ट आणि त, ण आणि न, ळ आणि ल यांतला फरक त्यात मिटलेला असतो. मनाने देवनागरी करू नका. सातारा जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटियर आणि रत्नागिरीचं १८८० चं काढा. दोन्ही नेटवर मिळतात. घाटांची वर्णनं त्यात आहेत, कोणत्या घाटाने गाड्या जात आणि कोणत्या घाटाने फक्त बैल, तेही. शीटवर वाट आणि गॅझेटियरात तिचा उल्लेख, असं दोन्ही असेल तरच तिला व्यापाराची वाट म्हणा.

थरातल्या प्रत्येक नोंदीपुढे शीटचा नंबर, सर्वेक्षणाचं साल, छापील नाव, लोकांच्या तोंडचं नाव आणि खात्रीचा दर्जा असे रकाने ठेवा. कंटाळवाणं काम आहे. सहा महिन्यांनी तुमच्याच फाइलवर तुमचा विश्वास बसायला हवा असेल तर करावं लागतं.

माणसांना विचारताना

कोयनेच्या धरणग्रस्तांची गावं कोकणात, सोलापूरकडे आणि इतरत्र वसली. खोऱ्यात चाललेली माणसं आता फार वयस्कर आहेत. त्यांच्यापुढे पहिल्याच भेटीत लॅपटॉप उघडू नका. नकाशा दिसला की लोक नकाशाला हो म्हणतात. ‘आजोबा, चिपळूणच्या बाजाराला तुम्ही कसं जायचात? पहिला चढ कुठे लागायचा? पाणी कुठे प्यायचात?’ असं विचारा आणि ऐका. दगड, झाड, देव, ओढा या क्रमाने वाट उलगडते. ती आधी वहीत लिहून घ्या, घरी येऊन शीटशी जुळवा. जुळलं नाही तर माणूस चूक असं धरून बसू नका. सर्व्हेअर एका हंगामात येऊन गेला, आजोबा पंचवीस वर्षं त्या वाटेने गेले.

रानात जाण्याआधी

वासोट्याला वन खात्याची परवानगी घेऊन, ठरलेल्या वाटेनेच जावं लागतं. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात जुनी वाट सापडते का ते पाहायला स्वतःहून घुसणं हा गुन्हा आहे, आणि गव्यांना तुमच्या संशोधनाचं कौतुक नसतं. चोरवण्यातून नागेश्वराकडे चढणारी वाट लोकांच्या चालण्यातली आहे. पडताळणीची सवय लावायला अशी वाट बरी, तिथेही आधी चौकशी करून जा. जीपीएस ट्रॅक सुरू ठेवा आणि घरी आल्यावर तो जुन्या रेघेवर टाका. कुठे दोन्ही सोबत जातात आणि कुठे फाटतात ते पाहा. फाटतात तिथे बहुधा दरड आलेली असते, किंवा वन खात्याची नवी वाट.

मिळालेली माहिती नेटवर टाकायची असेल तर दोन गोष्टी. भारतात सरकारी प्रकाशनाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो, तेव्हा शीटच्या छपाईचं साल पाहून मगच चित्र टाका. आणि पाण्याखालची गावं, मोडलेल्या वाटा ओपनस्ट्रीटमॅपवर चढवू नका. तो आजचा नकाशा आहे. त्यावर तुम्ही काढलेली रेघ बघून उद्या एखादा पोरगा कड्यात उतरेल. अशा गावा-वाटांसाठी ओपनहिस्टॉरिकलमॅप हा वेगळा प्रकल्प आहे, तिथे प्रत्येक नोंदीला सुरुवातीचं आणि शेवटचं साल देता येतं. सुरुवातीच्या जागी सर्वेक्षणाचं साल ‘किमान’ म्हणून लिहा, शेवटच्या जागी पाणी भरल्याचं.